सातवीतली लाजाळू मुलगी ग्राउंडवर जायला लागली तर खरंच धीट होते का?

ताई, तुमची मुलगी सातवीत आहे, उत्तर येत असूनही वर्गात तोंड उघडत नाही. पीटीच्या मॅडम म्हणतात सकाळी ग्राउंडवर पाठवा, आणि घरचे म्हणतात काळी पडेल, अभ्यास बुडेल. मी साताऱ्यात शाळेतल्या मुलींना धावणं आणि खो-खो शिकवते, त्यावरून सांगते. पाठवा. पण नुसत्या पळण्यानं ती बोलकी होईल असं धरून चालू नका. पळणारी मुलगी आणि बोलणारी मुलगी यांचा धीटपणा वेगवेगळ्या वाटांनी येतो.

पळण्याचं आधी सांगते. आठशे मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकचे दोन राउंड. नवी मुलगी पहिला राउंड जोशात मारते. दुसऱ्यात तिचे खांदे कानाला लागतात, मान मागे जाते आणि ती कमरेवर हात ठेवून बाजूला उभी राहते. "मॅडम, संपलं." संपलेलं काहीच नसतं, फक्त दम लागलेला असतो. या दोन्हींतला फरक कितीही समजावला तरी तोंडी कळत नाही. पहिला राउंड मुद्दाम हळू काढायला लावायचा, हात सैल सोडायला लावायचे. मग एके सकाळी ती न थांबता दोन्ही राउंड पुरे करते आणि धापा टाकतच स्टॉपवॉच बघायला येते. मुलींना एरवी शाबासकी मिळते ती बहुतेक "शहाणी आहे, ऐकते" म्हणून. घड्याळात कमी झालेले सेकंद कुणाचं ऐकून मिळालेले नसतात, आणि हे तिला न सांगता कळतं.

आता बोलण्याचं. खो-खोत खो देताना पाठीमागून हात लावायचा आणि "खो" मोठ्यानं म्हणायचं, हा नियमच आहे. पुटपुटलं तर फाउल. अबोल मुली सुरुवातीला हात लावतात, पण आवाजच फुटत नाही. बसलेली उठत नाही, समोरची निसटते, आणि पाटीवर बसलेल्या सगळ्याजणी ओरडतात, "अगं, बोल की!" काही दिवसांत असा काही खो येतो की ग्राउंडच्या पलीकडं ऐकू जावा. कबड्डीतही चढाईला गेलेलीला दम न सोडता ऐकू येईल असं "कबड्डी कबड्डी" म्हणावंच लागतं. म्हणून तुमच्या मुलीला पळण्याच्या जोडीला यातलं एक काहीतरी द्याच. वर्गात हात वर व्हायला तरीही वेळ लागेल. काहींचा होतच नाही, पण रिक्षावाल्याला "काका, इथंच थांबवा" म्हणायला त्या लागतात. मला तेही कमी वाटत नाही.

एक गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही. या वयात मुली दोन्ही हात छातीशी आवळून, टी-शर्ट पुढं ओढत पळतात. लोक म्हणतात लाजते. अहो, तिला नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या आणि मग बघा, हात आपोआप मोकळे हलतात. बुटांच्या आधी हा खर्च करा. पाळी आली म्हणून ग्राउंड बंद करू नका. तिला जमेल तेवढं करू दे, फार दुखत असेल तर त्या दिवशी बसू दे. सारखी थकत असेल तर आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ प्रमाणे देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, आणि रक्त कमी असताना पळवलं तर "मला जमतच नाही" एवढंच ती शिकते. मुलींच्या वजनावर सगळ्यांदेखत बोलणारा प्रशिक्षक भेटला तर तो कितीही नावाजलेला असो, ग्राउंड बदला.

घरच्यांसाठी आपल्या जिल्ह्यातलीच दोन नावं आहेत. माण तालुक्यातल्या दुष्काळी मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवर तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय मुलगी. आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या १७ व्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती झाली. पण खरं सांगू, ही नावं लेकीला रोज ऐकवू नका, सासूबाईंना ऐकवा. लेकीला सकाळी शाहू स्टेडियमवर घेऊन जा. तिथं भरतीच्या मुली दिसतील. खेड्यातून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या, पोलीस भरतीच्या आठशे मीटरचे पुरे २० गुण मिळवायला २ मिनिटं ५० सेकंदांच्या मागं लागलेल्या. गोळाफेकीचा गोळा कापडी पिशवीतून आणतात. तेरा वर्षांच्या मुलीला ऑलिम्पिकपेक्षा ही ताई जवळची वाटते.

काळी पडण्याचं म्हणाल तर साडेसहाला सोडा, साडेसातला घरी आणा, ऊन तापायच्या आत काम होतं. अभ्यासाला उरलेला दिवस आहेच. पहिल्या आठवड्यात पिंढऱ्या दुखतील, जिना उतरताना कण्हेल. तेवढ्यावरून बंद करू नका. पण नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल तर पळणं लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा.