वडिलांच्या इलेक्ट्रिक सायकलचे पेडल असिस्ट (पेडल फिरताच मिळणारी मोटरची मदत) कायमचे बंद करता येईल का? सायकल अचानक पुढे उसळून त्यांना झटका बसतो. डिस्प्लेवर असिस्टची पातळी 0 केली, तर अंगठ्याने दाबून मोटर चालवायचा थ्रॉटलही जातो. दुकानदार म्हणतो सवय होईल.

होय, बंद करता येते. मोटर मागच्या चाकात असेल, तर बहुतेक सायकलींमध्ये क्रँकजवळच्या (पेडलचे दांडे जिथे बसतात तिथल्या) सेन्सरचा कनेक्टर सोडवला की पेडल असिस्ट थांबते आणि थ्रॉटल चालू राहतो. डिस्प्लेवर पातळी 0 केली की थ्रॉटलही जातो, असे तुम्ही लिहिले आहे. त्यात बिघाड काही नाही, कारण अनेक कंट्रोलर (मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारा डबा) 0 चा अर्थ ‘मोटरच नको’ असा घेतात. एवढे सांगून मी थांबले असते, परंतु तुमच्या दुकानदाराचे ‘सवय होईल’ हे शब्द वाचले आणि मला राहवले नाही. आमच्या घरात याच दोन शब्दांवरून दोन वर्षे वाद चालू आहे आणि त्याची सुरुवात माझ्या वडिलांचे डावे मनगट मोडण्यापासून झाली.

बाबा पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावरचे कारागीर, म्हणून निवृत्त झाले. सहकारनगरहून खडकीपर्यंत आणि परत, असा प्रवास त्यांनी तीस वर्षे सायकलने केला. गुडघ्यांनी साथ सोडली आणि वयाच्या 71 व्या वर्षी ती सायकल जिन्याखाली गेली, तेव्हा घरातल्या कोणापेक्षाही मला जास्त वाईट वाटले होते, कारण लहानपणी मी तिच्या नळीवर बसून शाळेत गेले आहे. पुढे दादाने बंगळूरहून पैसे पाठवले आणि मी दुकाने पालथी घालून इलेक्ट्रिक सायकल निवडली: मागच्या चाकात 250 वॅटची मोटर, 36 व्होल्ट आणि 7.5 अँपिअर-अवरची बॅटरी, सगळे मिळून वजन साधारण 24 किलो. पहिले दोन आठवडे बाबा रोज सकाळी तळजाईच्या चढावर जाऊन येत होते आणि परत आल्यावर चहा घेताना, आज वाटेत किती जणांना मागे टाकले, ते आईला सांगत होते.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फाटकात पाण्याचा टँकर मागे येत होता. बाबा त्याच्या मागे थांबण्याच्या बेतात होते. ज्याने आयुष्यभर गर्दीत सायकल चालवली आहे तो अशा वेळी पाय खाली टेकत नाही. तो पाव फेरी पुढे, थोडे मागे, पुन्हा पाव फेरी पुढे असे पेडल हलवत तोल सांभाळतो. बाबांनी तेच केले. दुसऱ्या पाव फेरीला मोटर जागी झाली, सायकल हातभर पुढे उसळली, टँकरच्या मडगार्डला हँडल लागले आणि बाबा डाव्या हातावर पडले. मी गॅलरीतून हे पाहिले आहे. त्यांचा पाय घसरला नव्हता, त्यांना चक्कर आली नव्हती आणि त्यांनी घाबरून जोराने पेडलही मारले नव्हते.

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो स्वतः इंजिनिअर आहे. तो म्हणाला, “बाबांनी पेडलवर जास्त जोर दिला असेल. सवय होईल, नाहीतर सायकल बंद करा. कंपनीनं विचार करूनच सेन्सर बसवला असणार ना?” बाबा तिथेच, प्लॅस्टर घातलेला हात उशीवर ठेवून बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. नेमके काय झाले, हे त्यांना एकदाही विचारले गेले नाही. वय वाढलेल्या माणसाचा अपघात झाला की दोष यंत्राचा असू शकतो, ही शक्यता कोणी तपासूनच पाहत नाही, आणि याचा मला आजही राग आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला पार्किंगमध्ये नेले. मी सीट धरून मागचे चाक जमिनीपासून वर उचलले, बाबा स्टुलावर बसले आणि असिस्टची पातळी 3 ठेवून त्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी पेडल पुढे ढकलले. अगदी हळू, कुलपात किल्ली फिरवावी तसे. पाव फेरी झाली न झाली तोच मागचे चाक घोंघावत पूर्ण वेगाने फिरू लागले. त्यांनी बोटे काढून घेतली, पेडल जागीच थांबले, तरी मोटरचा आवाज आणखी साधारण सेकंदभर येत राहिला. बाबांनी हे पाच वेळा केले आणि पाचही वेळा तेच घडले. मग ते म्हणाले, “लेथचा चक पण बंद केल्यावर फिरत राहतो. पण तिथं आपण हात लांब ठेवतो. इथं आपण वर बसलोय.”

यामागचे कारण समजून घेतले, तर तुमच्या वडिलांना सवयीची गरज का नाही, हे तुम्हाला दुकानदाराला पटवून देता येईल. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक सायकलींमध्ये क्रँकच्या आसावर लोहचुंबकाचे तुकडे बसवलेली एक चकती असते आणि तिच्या शेजारी हॉल सेन्सर असतो. चुंबक समोरून गेला की सेन्सर कंट्रोलरला एक ठोका पाठवतो. आमच्या चकतीवर 12 चुंबक आहेत, म्हणजे पाव फेरीत 3 ठोके, आणि तेवढे मोटर सुरू व्हायला पुरतात. पाय पेडलवर किती दाब देतो आहे, हे या सेन्सरला मुळात कळतच नाही. चढावर जीव तोडून मारलेले पेडल आणि फाटकात तोल सावरण्यासाठी हलवलेले पेडल यांत त्याला फरक दिसत नाही. त्यामुळे दादाचे ‘जास्त जोर दिला असेल’ हे म्हणणे आमच्या सायकलीच्या बाबतीत अर्थहीन होते. पायाचा दाब मोजणारे टॉर्क सेन्सर महागड्या सायकलींमध्ये असतात, त्यांची मदत पायाच्या जोराच्या प्रमाणात येते आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

दादाचा एक मुद्दा मात्र खरा निघाला. बाबांनी ब्रेक दाबला होता आणि ब्रेक दाबला की मोटरचा पुरवठा तुटायला हवा. त्यासाठी ब्रेकच्या दांडीत एक छोटा स्विच असतो. आम्ही तपासले तेव्हा उजव्या दांडीचा स्विच चालत होता, डावीचा नाही. विकत घेतल्यावर आठवडाभराने डावी दांडी सैल झाली म्हणून दुकानात दाखवली होती, तेव्हा त्यांनी स्विच नसलेली साधी दांडी बसवून दिली होती आणि आम्हाला सांगितले नव्हते. बाबांनी त्या क्षणी डावाच ब्रेक दाबला होता. दादा तेव्हापासून म्हणतो की दोष ब्रेकचा होता, असिस्टचा नव्हे. माझे उत्तर असे आहे की ब्रेकने मोटर तोडणे हा शेवटचा बचाव आहे. न मागितलेला धक्का देणारी गोष्ट पहिली चूक आहे, आणि केवळ बचाव दुरुस्त करून पहिली चूक राहू देणे मला मान्य नाही. ते काहीही असो, तुम्ही सेन्सरला हात लावण्यापूर्वी दोन्ही ब्रेकचे स्विच तपासा. मागचे चाक उचलून थ्रॉटल द्या आणि आळीपाळीने एकेक दांडी हलकीशी दाबा. दोन्ही वेळा मोटर तत्काळ थांबली पाहिजे.

आता सेन्सर कसा काढायचा ते सांगते. बॅटरी बंद करून सायकलवरून उतरवून ठेवावी. क्रँकजवळच्या चकतीशेजारून जी बारीक तार निघते तिच्यामागे फ्रेमवरून हात फिरवत जावे. केबल टाय कापावे लागतील. थोड्या अंतरावर गोल, दोन भागांचा कनेक्टर सापडेल, ज्याच्या दोन्ही बाजूंना बाण असतो. तो सरळ ओढून काढायचा असतो. पिळला तर आतल्या पिना वाकतात. सुटलेल्या तोंडावर इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि तोंड खाली राहील असे बांधावे, नाहीतर पावसाळ्यात पिनांवर हिरवट गंज चढतो आणि पुढे कधी जोडायचे झाले तर संपर्कच होत नाही. बॅटरी परत लावल्यावर डिस्प्लेची पातळी 0 वर ठेवू नये, कारण काही कंट्रोलर थ्रॉटलचा वेगही त्या पातळीवरच ठरवतात. चुंबकाची चकती फोडू नये आणि सेन्सर नुसता बाजूला सरकवूनही ठेवू नये. खड्ड्यांत हादरून तो परत जागेवर येतो आणि मग वडिलांच्या ध्यानीमनी नसताना मोटर सुरू होते.

आम्ही सहा महिने अशीच, सेन्सर काढून ठेवलेली सायकल वापरली. नंतर बाबांनाच चढावर असिस्ट हवेसे वाटू लागले, कारण तळजाईच्या वाटेवर अंगठ्याने थ्रॉटल धरून ठेवल्याने त्यांच्या जुन्या फ्रॅक्चरच्या हाताला नाही, पण उजव्या अंगठ्याला रग लागत असे. तेव्हा त्यांनी सेन्सरच्या तीन तारांपैकी सिग्नलच्या तारेत एक छोटा टॉगल स्विच सोल्डर करून हँडलवर बसवला. तारांच्या रंगांवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. मल्टिमीटर लावून, पेडल हाताने फिरवताना कोणत्या तारेचा व्होल्टेज वरखाली होतो ते पाहिले आणि तीच तार निवडली. स्विच वर केला की ठोके कंट्रोलरपर्यंत पोहोचतात, खाली केला की पोहोचत नाहीत. चढ लागला की ते स्विच वर करतात, वस्तीत शिरताना खाली. जी गोष्ट कंपनीने द्यायला हवी होती ती 74 वर्षांच्या माणसाने एका दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तयार केली, आणि हे मी येथे अभिमानाने लिहीत आहे. दादा दिवाळीत आला तेव्हा त्याने तो स्विच चार वेळा वरखाली करून पाहिला आणि जोड स्वच्छ झाला आहे, एवढेच म्हणाला.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. काही कंट्रोलरमध्ये पेडल फिरल्याशिवाय थ्रॉटल चालूच होत नाही. तुमच्या सायकलीचे तसे असेल तर सेन्सर सोडवल्यावर थ्रॉटलही मरेल, आणि मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तो पर्याय आहे का, हे दुकानदाराकडूनच पाहून घ्यावे लागेल. मोटर चाकात नसून क्रँकलाच असेल तर कनेक्टरला हात लावू नका, कारण तिथे सेन्सर मोटरच्या पोटात असतो. अशा सायकलींवर असिस्ट बंद ठेवण्याचा पर्याय डिस्प्लेवरच असतो. वॉरंटी शिल्लक असेल तर तार कापू नका, फक्त कनेक्टर सोडवा. कायद्याची भीती बाळगू नका: आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची अर्ध्या तासाची सलग शक्ती 250 वॅटपेक्षा कमी असलेले, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे, बॅटरी वगळून 60 किलोपर्यंत वजनाचे आणि अधिकृत तपासणी संस्थेने तसे प्रमाणित केलेले वाहन मोटार वाहनात मोडत नाही, मग ते थ्रॉटलवर चालो की पेडलवर. युरोपात राहणाऱ्या वाचकांनी मात्र हे करू नये, तिथे साध्या सायकलीच्या दर्जात राहायचे तर थ्रॉटलला ताशी 6 किलोमीटरपर्यंतच मुभा आहे. नुसत्या थ्रॉटलवर चालवल्यास बॅटरीही लवकर उतरेल. बाबांना असिस्टवर जेवढे अंतर मिळत होते त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश नुसत्या थ्रॉटलवर मिळते.

शेवटची सूचना थ्रॉटलबद्दल आहे, कारण असिस्ट गेल्यावर तोच एक धोका उरतो. सायकल हाताने ढकलत नेताना किंवा पायरीवरून उचलताना अंगठा त्यावर पडतो आणि 24 किलोची सायकल हातातून निसटते. वडिलांना खाली उतरताक्षणी डिस्प्ले बंद करायला सांगा, आणि पहिल्या दिवशी त्यांना रस्त्यावर नेण्याआधी मोकळ्या मैदानात दहा फेऱ्या मारू द्या. तेव्हा त्यांना शिकवत बसू नका. झटका नेमका कुठे बसत होता, ते त्यांनाच विचारा.