वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाला सगळे सोडून गेले, म्हणजे नेमकं काय झालं?

तुम्ही विचारलंय: मुलीला पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात एमएससाठी प्रवेश मिळाला आहे, पण 'या विद्यापीठाची कॉन्फरन्स मोडली, बाकीचे सगळे सोडून गेले' असं वाचनात आलं. हा काय प्रकार आहे, आणि विद्यापीठाची पत घसरली आहे का?

आधी मुलीचं मनापासून अभिनंदन. आणि काळजीचं उत्तर आधीच देऊन टाकतो. तिच्या पदवीला यामुळे काहीही धक्का लागत नाही. कॉन्फरन्सचा संबंध खेळांशी आहे. वर्ग, प्रयोगशाळा, मार्गदर्शक यांच्याशी नाही. पण एवढं सांगून मला थांबवत नाही. मी राहुरीला कृषी पदवी घेतली आणि २०११ मध्ये याच विद्यापीठात एमएसला गेलो. त्यामुळे हा विषय निघाला की अजूनही आत काहीतरी ढवळून निघतं.

अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा नव्हेत. शनिवारी फुटबॉल असतो (चेंडू हातात घेऊन पळतात तो), मोठ्या विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये लाखाच्या घरात माणसं बसतात आणि देशभर थेट प्रक्षेपण होतं. विद्यापीठं गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. वेळापत्रक गट ठरवतो, अजिंक्यपद गटाचं असतं आणि टीव्हीचे हक्कही गटच विकतो. आलेले पैसे सभासदांत वाटले जातात. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण सगळं तिथेच फिसकटलं.

आमची कॉन्फरन्स १९१५ मध्ये पोर्टलंडला चार विद्यापीठांनी सुरू केली. वॉशिंग्टन स्टेट १९१७ मध्ये आत आलं. पुढे सभासद वाढत गेले, नावं बदलत गेली: पॅक-८, पॅक-१०, आणि मी पोचलो त्याच उन्हाळ्यात कोलोरॅडो व युटा आल्यावर पॅक-१२. सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, फिनिक्स या शहरांतली बलाढ्य विद्यापीठं, आणि त्यांच्या बरोबरीने गव्हाच्या टेकड्यांत वसलेलं आमचं तीसेक हजार वस्तीचं पुलमन.

आता पुलमन तिथे का आहे, हे सांगायला हवं. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेत सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून शेती आणि अभियांत्रिकी शिकवणारी कॉलेजं उभी करायचं ठरलं. आपली कृषी विद्यापीठं याच धर्तीवर निघाली, म्हणून राहुरीहून गेलेल्या मला तिथली रचना अजिबात परकी वाटली नाही. १८९० मध्ये हे कॉलेज जाणूनबुजून शेतकऱ्यांच्या मुलखात काढलं गेलं. याच पुलमनला ऑर्व्हिल व्होगेल नावाच्या शास्त्रज्ञाने जपानी 'नोरिन १०' गव्हाचा संकर करून बुटक्या गव्हावर काम केलं. ते बियाणं त्यांनी मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पाठवलं, आणि तिथून तयार झालेले बुटके वाण साठच्या दशकात भारतात आले. आपल्या ताटातल्या पोळीचं पुलमनशी असं नातं आहे. आमच्याबरोबर मागे राहिलेलं दुसरं विद्यापीठ, कॉर्व्हॅलिसचं ऑरेगन स्टेट, तेही असंच कृषी परंपरेतलं, लहान गावातलं.

आणि नेमकं याच गोष्टीमुळे दोघं मागे राहिली. खेळात ती कमी पडत होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वॉशिंग्टन स्टेटने २०१८ च्या मोसमात फुटबॉलचे ११ सामने जिंकले, विद्यापीठाच्या इतिहासातले सर्वाधिक. ऑरेगन स्टेटने २००६, २००७ आणि २०१८ मध्ये बेसबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. पण टीव्ही कंपन्या हक्क विकत घेताना मैदानावरच्या विजयांपेक्षा किती लोक सामना बघतील हे मोजतात, आणि गव्हाच्या शेतात घरं कमी असतात.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं, बिग टेन या मध्य-पश्चिमेतल्या कॉन्फरन्समध्ये जाणार असल्याचं जाहीर झालं. लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेली तसा आमच्या हक्कांचा भाव पडला. बिग टेनने त्याच ऑगस्टमध्ये सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सनेही ऑक्टोबरमध्ये स्वतःचा करार उरकून घेतला, दर विद्यापीठाला वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख डॉलर. आमची मंडळी मात्र घासाघीस करत राहिली. त्या काळातल्या बातम्यांनुसार ईएसपीएन या क्रीडावाहिनीने दर विद्यापीठामागे ३ कोटी डॉलर देऊ केले होते आणि विद्यापीठांच्या अध्यक्षांनी ५ कोटी मागितले. मला याचा आजही राग येतो. बाजार पडतोय हे समोर दिसत असताना हातातलं सोडायचं नसतं, हे कांदा विकणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं.

जुलै २०२३ च्या शेवटी कोलोरॅडो बिग १२ मध्ये गेलं. उरलेल्यांसमोर ॲपल कंपनीचा प्रक्षेपणाचा एक प्रस्ताव होता, त्यात हमीची रक्कम कमी आणि बाकीचे पैसे किती लोक वर्गणी भरतात यावर. ४ ऑगस्टच्या शुक्रवारी वॉशिंग्टन (सिअ‍ॅटलचं, आमचं नव्हे) आणि ऑरेगन बिग टेनमध्ये गेली. त्याच दिवशी ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेलं. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिक काठाच्या गटात, आणि तीही सुरुवातीची वर्षं कमी वाटा घेऊन. व्हॉलीबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुली भर सत्रात अख्खा देश ओलांडून सामने खेळतात आणि परत येऊन परीक्षा देतात.

शंभर वर्षांहून जुना गट असा संपला. उरली दोन विद्यापीठं.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचं जाणं. दोन्ही एकाच राज्याची, दोन्ही सरकारी, १९०० पासून एकमेकांशी खेळणारी. त्या सामन्याला ॲपल कप म्हणतात. २०१२ चा ॲपल कप पुलमनला होता, थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. सुट्टीत अमेरिकन मुलं घरी जातात आणि गाव ओस पडतं. राहतो ते आम्ही, ज्यांना विमानाचं तिकीट परवडत नाही. त्या मोसमात आमचा संघ नुसता हरत होता. शेवटचा क्वार्टर (सामन्याचा चौथा भाग) सुरू झाला तेव्हा १०-२८ अशी पिछाडी होती. माझ्यासोबत खोलीत राहणारा मुलगा थंडीने काकडून निघूया म्हणत होता. मग काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. बरोबरी झाली, जादा वेळ लागला आणि आम्ही ३१-२८ जिंकलो. लोक मैदानात धावले, त्यात आम्ही दोघंही होतो. मला नियम अर्धेच कळत होते. पण मी या गावचा आहे, असं अमेरिकेत पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी.

ही लढत पुढे चालू ठेवायचं दोन्ही विद्यापीठांनी ठरवलं, आणि २०२४ मध्ये सिअ‍ॅटलला झालेला सामना आम्ही २४-१९ असा जिंकला. पण आता तो सप्टेंबरमधला गटाबाहेरच्या पाहुण्यांशी खेळायचा सामना झाला आहे. मोसमाच्या शेवटी सगळा हिशेब चुकता करणारा तो नोव्हेंबरचा सामना उरला नाही.

हे पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. १९५९ मध्ये खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या प्रकरणांनंतर जुनी कॉन्फरन्स मोडली आणि मोठ्या विद्यापीठांनी नवी काढली. त्यात आधी आम्हाला घेतलं नव्हतं. वॉशिंग्टन स्टेट १९६२ मध्ये आत गेलं, दोन्ही ऑरेगन १९६४ मध्ये. एकाला मात्र कधीच बोलावणं आलं नाही: आयडाहो विद्यापीठ, १९२२ पासूनचं सभासद. ते मॉस्को गावात आहे, पुलमनपासून तेरा किलोमीटरवर. तुमची मुलगी किराणा आणायला तिथे जाईल. आयडाहोने नंतर अनेक गट बदलले, वरच्या स्तरावर टिकायची धडपड केली आणि २०१८ मध्ये फुटबॉल अधिकृतपणे खालच्या स्तरावर नेला. पुलमनच्या जुन्या लोकांना ऑगस्ट २०२३ मध्ये झोप लागली नसेल तर ती याच आठवणीने. डोंगरापलीकडे आपलं भविष्य उभं आहे, असं त्यांना दिसत होतं.

मागे राहिलेल्या आम्ही दोघांनी, वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेटने, मात्र हात टेकले नाहीत. व्हिटमन काउंटीच्या कोलफॅक्समधल्या कोर्टात दावा लावला: जे सोडून चाललेत त्यांनी कॉन्फरन्सच्या पैशांवर आणि भवितव्यावर मतदान कसं करायचं? नोव्हेंबरमध्ये निकाल बाजूने लागला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. मग तडजोड झाली आणि जाणाऱ्या दहांनी प्रत्येकी ६५ लाख डॉलर सोडले. नाव राहिलं, तिजोरी राहिली, पण खेळायला कुणी नाही. २०२४ चे फुटबॉल सामने माउंटन वेस्ट कॉन्फरन्सशी १ कोटी ४० लाख डॉलरचा करार करून मिळवले. बास्केटबॉल वगैरे खेळ दोन वर्षांसाठी दुसऱ्या गटात. २०२५ मध्ये तर दोन्ही विद्यापीठं फुटबॉलमध्ये एकाच मोसमात एकमेकांशी दोनदा खेळली, या स्तरावर सहसा न घडणारी गोष्ट.

पैसे आटले की माणसं जातात. २०२३ मध्ये आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) असलेला कॅम वॉर्ड मायामी विद्यापीठात गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या खेळाडू-निवडीत, देशात पहिला निवडला गेला. त्याच्या जागी आलेला जॉन मटीर वर्षभरात ओक्लाहोमाला. बास्केटबॉल संघ २०२४ मध्ये, २००८ नंतर पहिल्यांदा, राष्ट्रीय स्पर्धेत पोचला आणि काही दिवसांतच प्रशिक्षक स्टॅनफर्डला गेले. खेळ विभागाचे प्रमुख त्याच महिन्यात सिअ‍ॅटलला, म्हणजे सोडून गेलेल्यांकडेच. जून २०२५ मध्ये ॲथलेटिक्सला कात्री लागली: उड्या, फेकी बंद, कमी अंतराच्या शर्यतींत मोजकीच संधी, सगळा भर लांब पल्ल्याच्या धावण्यावर. याच विद्यापीठाच्या हेन्री रोनो या केनियन विद्यार्थ्याने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले होते. गोळाफेक करणाऱ्या मुलांनी टीव्हीच्या कराराचं काय वाकडं केलं होतं?

तुमच्या प्रश्नाचा 'परिणाम' हा भाग इथे येतो. पूर्वी कॉन्फरन्सकडून वर्षाला ३ कोटी डॉलरहून जास्त येत. ते गेल्यावर खेळ विभागाची तूट विद्यापीठाला सांभाळावी लागते. संशोधनाचे अनुदान वेगळ्या खिशातून येतं, त्यामुळे तिच्या शिष्यवृत्तीचं पत्र नीट वाचा, पण ते खेळांशी जोडू नका.

आता एक गोष्ट, जी आमचे बरेच माजी विद्यार्थी बोलायचं टाळतात. नियमाप्रमाणे २०२६ पर्यंत आठ फुटबॉल सभासद हवे होते. ते आम्ही कुठून आणले? बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, ही पाचही त्याच माउंटन वेस्टमधून, जिने आम्हाला अडचणीत सामने दिले होते. असे सभासद पळवले तर भरपाई द्यायची, असं त्या करारात लिहिलेलं होतं. पाचांचे साडेपाच कोटी डॉलर होत होते, आणि ती अट बेकायदा आहे म्हणून आम्हीच कोर्टात गेलो. दुसरा मार्ग होता का? मला दिसत नाही. आयडाहो व्हायचं नसेल तर हेच करावं लागणार होतं. पण माउंटन वेस्टमध्ये मागे राहिलेल्या वायोमिंग किंवा न्यू मेक्सिकोच्या माणसाला मी काय तोंडाने सांगू की आमच्यावर अन्याय झाला? २०२३ मध्ये आम्ही जिथे उभे होतो तिथे आता तो उभा आहे, आणि यावेळी सोडून जाणाऱ्यांना बोलावणारे आम्ही होतो.

टेक्सस स्टेट आठवं म्हणून आलं, आणि फुटबॉल न खेळणारं पण बास्केटबॉलमध्ये नावाजलेलं गोंझागाही. १ जुलै २०२६ ही नव्या पॅक-१२ ची तारीख. गोंझागा स्पोकेनला, म्हणजे पुलमनहून दीड तासावर आहे. निदान एक शेजारी तरी मिळाला.

मुलीला सांगा, पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांचा स्पोर्ट्स पास घ्यायचा आणि नोव्हेंबरच्या सामन्याला जाताना दोन स्वेटरवर जॅकेट चढवायचं. नियम येत नसले तरी शेजारी बसलेलं कुणीही हौसेने समजावतं. ऑरेगन स्टेटचा सामना पुलमनला असेल तर तो चुकवू नको म्हणावं. पलीकडे नारिंगी कपड्यांत जे बसलेले दिसतील, बारापैकी तेवढेच आमच्याजवळ राहिले.