इंदूर: आमच्या नऊ वर्षांच्या लॅब्रडॉरला मधुमेह निघाला, इन्सुलिन सुरू झालंय. सकाळची दूध-पोळी आणि आमच्यातले थोडे पोहे-जिलबी चालतील का?

जिलबी आजच बंद करा. दूध-पोळी आणि पोहेही सोडवायचे आहेत, पण डॉक्टरांना विचारून, हळूहळू, कारण खाणं एकदम बदललं की इन्सुलिनचा डोसही चुकतो. आमच्या कुत्रीला तीन वर्षं इन्सुलिन होतं, त्या अनुभवावरून सांगते: काय द्यायचं याइतकंच ते रोज सारखं असणं महत्त्वाचं. तेच अन्न, काट्यावर तोलून, साधारण १२ तासांच्या अंतराने दोनदा, आणि इंजेक्शन त्याच वेळी. घरातल्या सगळ्यांना बजावा, आजी-आजोबांना आधी! हातातली मूठभर शेवसुद्धा हिशेब बिघडवते.

हे फ्रिजवर लिहून ठेवा:
- जेवला नाही तर नेहमीचा डोस देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन.
- लटपटला, थरथरला, गुंगीत गेला तर साखर उतरलेली असू शकते. शुद्धीत असेल तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.
- ‘शुगर-फ्री’ म्हणून काही भरवू नका. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्यासाठी ते विषच.

आहाराचं हे कुत्र्यांपुरतं. मांजराला कर्बोदकं कमी आणि प्रथिनं जास्त असलेला आहार लागतो. वेळेत उपचार झाले तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. अन्नाचं आणि इन्सुलिनचं प्रमाण मात्र वजन आणि रक्तातली साखर पाहून डॉक्टरच ठरवतील. दुसरं मत हवं असेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे.