रिकाम्या घरात ४६ युनिट? अर्जाआधी इन्व्हर्टर बघा

तुम्ही लिहिलंय की १५ दिवस गावाला होतात, फ्रिज रिकामा करून बंद केला होता, टीव्ही रिमोटने आणि इन्व्हर्टर बटणाने बंद होता, तरी मीटर ४६ युनिट पुढे गेलं. म्हणून मीटर सदोष असल्याचा अर्ज देताय. जरा थांबा. तीन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं.

४६ युनिट ३६० तासांत, म्हणजे सुमारे १२८ वॅट रात्रंदिवस. टीव्ही स्टँडबायवर एवढं खात नाही, हल्लीचे अर्ध्या-एक वॅटवर भागवतात. राउटर आठ-दहा वॅट. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी दहाच्या आसपास, कारण बऱ्याच बॉक्सांत नुसता दिव्याचा रंग बदलतो, आतलं सगळं चालूच. झाले वीस. उरलेले शंभर कुठे?

माझ्याकडे ते इन्व्हर्टरमध्ये जात होते. समोरचं बटण दाबलं की घराला मिळणारा बॅकअप तेवढा बंद होतो. प्लगचा खटका चालू आहे तोवर चार्जिंग सुरूच, निदान मी पाहिलेल्या सगळ्या घरगुती इन्व्हर्टरांत तरी. बॅटरी धडधाकट असेल तर भरल्यावर चार्जर जेमतेम करंट देतो. म्हातारी बॅटरी पूर्ण भरतच नाही, मग चार्जर ओतत राहतो. ती वीज उष्णता होऊन जाते आणि बॅटरीतलं पाणी उडतं.

आता माझा मूर्खपणा. सगळे एमसीबी (घरातल्या वेगवेगळ्या वायरिंगचे आपोआप पडणारे खटके) पाडून एकेक चालू करत मीटरचा लाल दिवा बघायचा, वीज जास्त जाते तेवढा तो भराभर लुकलुकतो, हे मी पहिल्याच आठवड्यात केलं होतं. इन्व्हर्टरच्या एमसीबीवर दिवा भराभर लुकलुकला. पण तो होता गुरुवार, दुपारभर वीज नव्हती. बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. 'वीज गेल्यावर चार्जिंग होणारच साहेब, इन्व्हर्टर काय वीज खातो?' पटलं. पुन्हा वीज न गेलेल्या दिवशी मोजून बघावं, एवढं सुचलं नाही. पुढचे आठ महिने मी मोबाइलचे चार्जर उपटत घरभर फिरलो. रिकामा चार्जर ०.१ वॅट घेत असेल तर वर्षाला एक युनिटही होत नाही! बायकोशी भांडणं झाली ती वेगळीच. आणि त्याच काळात दर महिन्याला बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या ओतत होतो, तेही डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.

शेवटी वीज कार्यालयात मीटर तपासणीचे पैसे भरले आणि दोन महिने वाट पाहिली. आलेल्या माणसाने लोड लावून पाहिला, मीटर बरोबर निघालं. मग वीज जाते कुठे, विचारलं तर म्हणाला, 'घरात एसी आहे ना? मग बिल येणारच.' डिसेंबर चालू होता.

तर तुम्ही असं करा. आदल्या दिवसापासून वीज गेलेली नसेल अशा सकाळी घरातलं सगळं बंद करा, फक्त इन्व्हर्टरचा एमसीबी चालू ठेवा आणि त्यावरचे दिवे-पंखे बंद करा. एमसीबी पाडून परत चढवला असेल तर तासभर जाऊ द्या. मीटरवर ३२०० इंपल्स प्रति युनिट असं काही छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. ३२०० असेल तर दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी ११२५ ला भागा, वॅट मिळतील. माझ्याकडे ९ सेकंद यायचे, म्हणजे १२५ वॅट. बॅटरी बदलून पूर्ण भरल्यावर ७० सेकंद, म्हणजे १६. जुनी बॅटरी हाताला कोमट लागायची, नवी गार असते.

क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) अँपिअर मोजून २३० ने गुणू नका. अशा उपकरणांचा पॉवर फॅक्टर वाईट असतो, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर एवढी वीज ती खरंच खात नाहीत, त्यामुळे आकडा फुगलेला येतो. तोही उद्योग करून झालाय.

मी वायरमन नाही. मीटरच्या पेटीत हात घालू नका, बॅटरीच्या तारा स्वतः सोडू नका. तुमच्याकडे कारण वेगळंही असू शकतं, मीटर खरंच बिघडलेलंही असेल. पण माझं मत विचाराल तर चार वर्षांवरची बॅटरी हाच पहिला संशयित. आमचा वापर महिना २५० च्या घरातला. त्यावर हे ८०-९० युनिट चढले की ३०० च्या वरच्या महाग टप्प्यात जायचो.

आणि उत्साहाच्या भरात सगळंच भिंतीवरून बंद करू नका. ओएलईडी टीव्ही पाहून झाल्यावर स्टँडबायमध्ये पडद्याची देखभाल करतो, त्याला लगेच तोडू नये. इंकजेट प्रिंटरही आधी त्याच्या बटणाने बंद करावा, नाहीतर हेड उघडं राहून शाई वाळते. इन्व्हर्टरचा खटका पंधरवड्यापुरता बंद ठेवायला हरकत नाही, पण बॅटरी भरलेली हवी. महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर ती खराब होते.

मोजलंत की सेकंद किती आले ते लिहा. आणि बॅटरी कितव्या वर्षात आहे तेही, तिच्यावर खरेदीची तारीख लिहिलेली असेल.