स्टॉकहोमला येताय? मुलीला आधी स्कान्सेन दाखवा

ताई, तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून इकडे येतोय, मुलगी आठ वर्षांची आहे, भाषा कोणालाच येत नाही. तर इथली माणसं समजून घ्यायला म्युझियमांचा काही उपयोग होतो का? खूप होतो. सुरुवात स्कान्सेन या उघड्यावरच्या म्युझियमपासून करा.

गावं झपाट्याने बदलू लागली, तेव्हा आर्तुर हाझेलियस यांनी स्वीडनभरातली जुनी घरं सुटी करून आणून इथे पुन्हा उभी केली आणि १८९१ साली हे म्युझियम खुलं केलं. आज अशी घरं-इमारती दीडशेच्या आसपास आहेत. घरात त्या काळच्या पोशाखातली माणसं असतात. कोणी चूल पेटवतं, कोणी लोकर पिंजतं, आणि विचाराल ते मनापासून सांगतात. मध्ये भोक असलेली राईची कडक भाकरी आढ्याखाली काठीवर ओवून ठेवायची पद्धत होती, तिच्याबद्दल मुलीला विचारू द्या. भाजण्याचा घाट वर्षातून मोजक्याच वेळा घालायचे आणि भाकरी महिनोन् महिने पुरवायचे. इथला हिवाळा काय चीज आहे, हे तिला तिथेच कळेल.

वर्षभराचा पास काढा, कारण खरी मजा सणांची आहे. ३० एप्रिलला होळीसारखी मोठी आग पेटवून वसंताचं स्वागत करतात, जूनमध्ये मिडसमरचा, म्हणजे भर उन्हाळ्याच्या सणाचा, खांब उभारून त्याभोवती नाचतात, १३ डिसेंबरला लुसिया, म्हणजे मेणबत्त्या घेऊन गात जायचा प्रकाशाचा सण. शाळेतही लुसियाची मिरवणूक निघते. आधी पाहिलेली असली की मुलगी बावरणार नाही.

शेजारीच वासा म्युझियम आहे, तेही चुकवू नका. १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. वासा ही राजाची युद्धनौका १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत दीड किलोमीटरही न जाता बुडाली, ती १९६१ मध्ये वर काढली. त्या पहिल्या सफरीआधी तीस जणांना डेकवर इकडून तिकडे पळवून तोल तपासला होता. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच थांबवली, तरीही ते निघालंच. आपल्या देशाची एवढी मोठी फजिती हे लोक किती मोकळेपणाने मांडतात, ते मला फार आवडतं.

पर्सनुम्मर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, मिळाला की नगरपालिकेच्या मोफत एसएफआय वर्गात (बाहेरून आलेल्या मोठ्यांसाठीचे स्वीडिश भाषेचे वर्ग) लगेच नाव घाला. तिथे शिकलेली वाक्यं स्कान्सेनमध्ये बिनधास्त वापरा.

एक मात्र सांगते. स्कान्सेनमधला सामींचा, म्हणजे उत्तरेकडच्या आदिवासी लोकांचा, तळ पाहून सामी म्हणजे जुन्या काळातले लोक, असं मुलीच्या मनात बसू देऊ नका. उत्तरेकडच्या किरुना शहरात १९९३ पासून त्यांची स्वतःची संसद आहे. उत्तरेला जाणं झालं तर योक्मोक्क गावातलं सामींचं आय्त्ते म्युझियम नक्की बघा.