गोळ्यांची रांग आणि बुडालेला रोज

प्रश्न : ताई, मी एचआयव्हीवरच्या, एआरटीच्या गोळ्या घेतो, तब्येत ठणठणीत आहे. पण केंद्र लांब. पहिली एसटी धरली तरी गोळ्या हातात पडेपर्यंत दुपार होते, त्या दिवसाचा रोज बुडतो. रांगेत कुणी ओळखीचं भेटेल ही धास्ती वेगळीच. मागे तिथे 'सेवेबद्दल समाधानी आहात का' असं विचारलं, मी 'हो' म्हणालो. खरं बोललो असतो तर पुढच्या वेळी आणखी ताटकळत ठेवलं असतं. काय करू?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, मी अशाच एका केंद्रात समुपदेशक होते. त्या प्रश्नाला सगळेच 'हो' म्हणतात. फुकट गोळ्या देणाऱ्याच्या तोंडावर 'नाही' कोण म्हणेल? त्या 'हो'वर माझा तरी कधी भरवसा नव्हता.

वर्षाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला असेल आणि गोळ्या चुकत नसतील, तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'तीन महिन्यांच्या एकदम मिळतील का?' साठा असेल तर देतात. दुसरा मार्ग लिंक एआरटीचा : जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सोय असेल तर गोळ्या तिथून घेता येतात. पण जवळ म्हणजे ओळखीचे चेहरेही जास्त. कित्येक जण मुद्दाम लांबच्या केंद्रात नाव ठेवतात, आणि मला त्यात वेडेपणा दिसत नाही. वेळ जास्त टोचतो की नजरा, हे तुम्हीच ठरवा.

आता रांगेचं. वजन, समुपदेशन, डॉक्टर आणि शेवटी औषधाची खिडकी. तिथे उरलेल्या गोळ्या मोजतात. एसटीत बाटली खुळखुळते म्हणून लोक ती घरीच ठेवतात किंवा गोळ्या पुडीत बांधून आणतात. मग हिशेब जुळत नाही आणि माणूस पुन्हा समुपदेशकाकडे. बाटलीच आणा, वर कापसाचा बोळा घाला, आवाज येत नाही. उपचारांच्या नोंदीचं हिरवं पुस्तक विसरू नका. सोमवार आणि सुट्टीचा दुसरा दिवस टाळा, चार गोळ्या शिल्लक असतानाच निघा.

नाव मोठ्याने पुकारत असतील तर 'एआरटी नंबरने बोलवा' म्हणून सांगा. एचआयव्हीबाबतचा 2017 चा कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती उघड करता येत नाही. ऐकलंच नाही तर तक्रार अधिकारी कोण, ते विचारा. तिथे बोलायचा धीर होत नसेल तर एड्स हेल्पलाइनचा 1097 लावा. फोन मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.