डाळिंबाची फुलगळ आणि शिंजीर

प्रश्न (आटपाडी परिसरातून): आंबे बहारात (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यात) काळेनिळे, बोटाएवढे पक्षी दिवसभर डाळिंबाच्या फुलांत चोच घालतात आणि झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बागेवर जाळी टाकावी की फवारणी घ्यावी?

उत्तर: दोन्ही नको. हा जांभळा शिंजीर. उन्हात चमकतो तो नर. मादी वरून तपकिरी, पोटाकडे पिवळसर. लांबी जेमतेम 10 सेंटिमीटर. नळीसारख्या जिभेने तो मकरंद ओढून घेतो. फुले गळतात ती त्याच्यामुळे नव्हे.

पडलेली 100 फुले चार-पाच झाडांखालून गोळा करा आणि बुडे पाहा. बूड निमुळते, फूल घंटेसारखे असेल तर ते नर फूल, ते गळणारच. कळशीसारख्या फुगीर बुडाच्या फुलालाच फळ धरते. अशी फुले जास्त सापडली तर मात्र दुखणे बागेत आहे. ताण (बहारासाठी पाणी बंद ठेवणे) तोडताना एकदम भरपूर पाणी दिले का, नंतरच्या पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या का, ते आधी तपासा. मग झाडावरचे फूल पांढऱ्या कागदावर झटका, फुलकिडे (रस शोषणारे बारीक किडे, थ्रिप्स) असतील तर लगेच दिसतील. फवारणी करावीच लागली तर मधमाश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर, लेबलवरच्या मात्रेतच करा.

जाळीने तर उलट नुकसान होईल. डाळिंबाचे परागीभवन मुख्यतः मधमाश्या करतात. बारीक जाळीत त्याही अडतात आणि फळधारणा घटते. सैल नायलॉन जाळीत पक्ष्यांचे पाय अडकून ते तडफडून मरतात, ते वेगळेच.

तासगावकडच्या द्राक्षबागेत हाच पक्षी पिकल्या मण्यांना चोच मारतो, हे खरे आहे. तिथे घडांना कागद लावणे पुरते.

बागेत फांदीला कचरा अडकल्यासारखी लोंबती पिशवी दिसली तर ती काढू नका. कोळ्याच्या जाळ्याने विणलेले ते शिंजिराचे घरटे असते. अंडी बहुधा दोन; मादी एकटीच साधारण दोन आठवडे उबवते आणि पिल्ले उडायला आणखी तितकेच दिवस लागतात. मकरंदात साखर असते, प्रथिने जवळपास नाहीत. म्हणून पिल्लांना अळ्या, कोळी, बारीक किडे भरवावे लागतात, आणि ते तुमच्याच बागेतून वेचले जातात. छाटणीत तेवढी एक फांदी महिनाभर राहू द्या.